ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे

ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो परगण्यातून जाणारा, पादचारी व सायकलस्वारांसाठीचा सुमारे ४२ किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. तो वेस्टपोर्टहून न्यूपोर्ट व मलरॅनीमार्गे ॲकिल बेटापर्यंत जातो.

इतिहास

मिडलँड ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा १८९०च्या दशकातील येथील लोहमार्ग १९३७ मध्ये बंद पडला. पुढे त्याखालील बरीचशी जमीन लगतच्या शेतकऱ्यांकडे गेली. त्यांनी मालकी न सोडता केवळ जाण्यायेण्याची अनुमती दिल्यामुळे हा मार्ग साकारला. न्यूपोर्ट ते मलरॅनी हा टप्पा २०१० मध्ये, तर संपूर्ण मार्ग २०११ मध्ये खुला झाला. मार्गाचे अस्तित्व या संमतीवर अवलंबून असल्याने फाटके लावून घेणे व गुरांना न बुजवणे हे येथे केवळ सौजन्य नसून मार्ग टिकण्याची अट ठरते.

प्रवास

मूळ लोहमार्गामुळे चढउतार सौम्य आहेत. दक्षिणेस क्ल्यू उपसागर व त्यापलीकडे ७६४ मीटर उंचीचा क्रोग पॅट्रिक पर्वत दिसतो. हिमनद्यांनी रचलेल्या टेकड्या समुद्राची पातळी वाढून अर्धवट बुडाल्याने उपसागरात असंख्य बेटे निर्माण झाली. त्यांच्यामधून कयाक किंवा कनू वल्हवत हिंडता येते. मात्र ओहोटीच्या वेळी उथळ भागांत चिखल उघडा पडत असल्याने भरतीची वेळ साधावी लागते.