मोडीचे चार बाइट: मायएसक्यूएलच्या आवृत्त्या आणि मराठी मजकूर

आधी एक प्रयोग करून पाहा. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीत 'यूटीएफ८एमबी४' या अक्षरसंचाचे एक टेबल तयार करा. बाकी काही बदलू नका, फक्त शब्दाच्या कॉलमवर 'युनिक' बंधन घाला. आता मोडी लिपीत 'होन' हा शब्द भरा आणि मग मोडीतच 'गाव' भरा. डेटाबेस दुसरा शब्द नाकारेल, कारण त्याच्या मते ही नोंद आधीच आहे. हेच ८.० आवृत्तीत केले तर दोन्ही शब्द निमूट आत जातात. कोड तोच, मजकूर तोच, पण 'समान' या शब्दाचा अर्थ आवृत्तीबरोबर बदलला.

मोडीच का? मी शिकवतो ते होसकोटे आज बंगळूरच्या पूर्वेला गोदामे आणि कारखाने यांसाठी ओळखले जाते. पण सतराव्या शतकात ते बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर यांच्याबरोबर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले, आणि त्या मराठी राज्याचे हजारो मोडी कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. असे कागद कधी ना कधी डेटाबेसमध्ये यायचेच. तेव्हा प्रश्न इतिहासकारांचा तितकाच आपलाही आहे.

मायएसक्यूएलमध्ये युनिकोड आला तो ४.१ आवृत्तीत, २००४ साली. त्यातला 'यूटीएफ८' हा अक्षरसंच एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देत असे. खरे तर नोव्हेंबर २००३ च्या इंटरनेट मानकाने ही मर्यादा चार बाइट ठरवली होती. तरी देवनागरीचे काही अडले नाही. मराठीत लागणारे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटांत मावते. 'मराठी' या शब्दात काने-वेलांट्या धरून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना ही उणीव जाणवलीच नाही. चार बाइटांचा 'यूटीएफ८एमबी४' आला २०१० मध्ये, ५.५ च्या मालिकेत. मोडी युनिकोडमध्ये आली जून २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत, आणि तिला जागा मिळाली पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडे. म्हणजे मोडीचे प्रत्येक अक्षर चार बाइटांचे. जुन्या 'यूटीएफ८' टेबलात ते भरले तर कडक मोडमध्ये चूक दाखवली जाई, आणि सैल मोडमध्ये पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर केवळ एका इशाऱ्यानिशी कापला जाई. मला यातली दुसरी रीत जास्त धोक्याची वाटते.

चार बाइटांकडे जाणेही सोपे नव्हते. इनोडीबीच्या जुन्या रचनेत इंडेक्सच्या कॉलमला ७६७ बाइटांची मर्यादा होती. २५५ अक्षरे गुणिले तीन म्हणजे ७६५, मावले. गुणिले चार म्हणजे १०२०, नाही मावले. म्हणून त्या काळच्या कितीतरी कोडमध्ये १९१ हा विचित्र आकडा दिसतो. ५.७ मध्ये मर्यादा ३०७२ बाइटांवर गेली आणि ही अडचण मिटली. पण 'समान कोण' हे ठरवणारे नियम, म्हणजे कोलेशन, जुनेच राहिले. ५.७ मधले यूटीएफ८एमबी४ चे मूळ कोलेशन चार बाइटांच्या सर्व अक्षरांना एकच वजन देते. 'होन' आणि 'गाव' दोन्ही तीन चिन्हांचे, म्हणून समान! एप्रिल २०१८ च्या ८.० आवृत्तीचे मूळ कोलेशन युनिकोड ९.० च्या तुलना-नियमांवर बेतलेले आहे, आणि तिथे मोडीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचे वजन आहे.

या काळात डेटाबेस ढगात गेला होता. अमेझॉनची आरडीएस सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये मायएसक्यूएल घेऊनच सुरू झाली. मुंबईतली केंद्रे जून २०१६ मध्ये आली. सर्व्हर बसवणे, पॅच लावणे, बॅकअप घेणे ही कामे सेवादात्याकडे गेली आणि त्यांच्याबरोबर वेळापत्रकही गेले. स्वतःच्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे चालवता येते. इथे तसे नाही. मायएसक्यूएल ५.७ चा मूळ आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, आरडीएसवरचा नेहमीचा आधार २९ फेब्रुवारी २०२४ ला. (लीप वर्षाचा दिवस निवडण्यात काही विनोद असावा.) त्यानंतर ५.७ वर राहायचे तर विस्तारित आधाराचे जादा पैसे.

आरडीएस मोठ्या आवृत्तीआधी पूर्वतपासणी करते, विसंगती सापडली तर डेटाबेस बंद करण्यापूर्वीच अपग्रेड रद्द करते, आणि स्वयंचलित बॅकअप चालू असेल तर स्नॅपशॉटही घेते. पण एकदा ८.० वर गेलात की त्याच जागी मागे येता येत नाही. स्नॅपशॉटमधून नवा डेटाबेस उभा करावा लागतो आणि मधल्या नोंदी हातच्या जातात. शिवाय अपग्रेड जुन्या टेबलांचा अक्षरसंच बदलत नाही. नवी टेबले नव्या कोलेशनची झाली आणि जुनी जुन्याच राहिली, तर दोन्ही जोडणारी क्वेरी 'कोलेशनची बेकायदा सरमिसळ' म्हणून थांबू शकते.

सर्वात अवघड जात म्हणजे लॅटिन१ टेबलांत दडलेली मराठी. ५.७ पर्यंत सर्व्हरचा मूळ अक्षरसंच लॅटिन१ होता. जोडणीही लॅटिन१ असेल तर मराठीचे बाइट जसेच्या तसे आत जात आणि बाहेर येत, म्हणून पडद्यावर सगळे ठीक दिसे. नव्या जोडणीने वाचले की तोच मजकूर निरर्थक रोमन चिन्हांत फुटतो. अशा कॉलमचे सरळ रूपांतर केले तर चूक पक्की होते; आधी त्याला बायनरी करावे, मग यूटीएफ८एमबी४. पूर्वतपासणी हे पकडत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते वैध लॅटिन१ आहे. ओळखायची खूण साधी आहे. नोव्हेंबर २०२२ पासून आरडीएसवर 'ब्लू-ग्रीन' पद्धतीने वेगळी प्रत अपग्रेड करून तपासता येते. त्या प्रतीवर 'मराठी' असा मजकूर असलेली नोंद शोधा आणि तिची अक्षरसंख्या विचारा. उत्तर ५ आले तर मजकूर सुखरूप आहे, १५ आले तर जुना लॅटिन१ अजून आत बसलेला आहे.