कागदी फुटबॉलचे मानकरी

ज्या खेळात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त वेळ असतो, त्याला अमेरिकन माणूस फुटबॉल म्हणतो. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडेसुद्धा ज्या खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी असते, तिथे चौकशीला कुणीच बसलेलं नसतं. तरी आपण तिला चौकशीची खिडकीच म्हणतो. नाव एकदा पडलं की पडलं.

पण मी सांगणार आहे ते या फुटबॉलविषयी नाही. या फुटबॉलच्या डोक्यावर बसून आणखी एक फुटबॉल खेळला जातो. त्याला मैदान लागत नाही, चेंडू लागत नाही, दम तर मुळीच लागत नाही. लागतात फक्त कागद, पेन्सिल आणि बेरीज. आता कागदाची जागा संगणकाने घेतली, एवढाच फरक. त्याचं नाव फॅन्टसी फुटबॉल. मी बी.कॉम. झालेला आणि बँकेत आयुष्य बेरजा करण्यात घालवणारा माणूस. जगात केवळ बेरजेवर चालणारा एक खेळ आहे हे कळल्यावर मला किती आनंद झाला असेल, याची कल्पना सायन्सवाल्यांना यायची नाही.

या खेळाचा जन्म पराभवातून झाला. साल १९६२. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचा ‘रेडर्स’ नावाचा संघ पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर गेला होता. त्या मोसमात हा संघ चौदा सामने खेळला आणि त्यातला एक जिंकला. तोही शेवटचा! म्हणजे ओळीने तेरा सामने हरून झाले, मग विजय. या संघाचे एक छोटे भागीदार होते बिल विंकेनबाख. न्यूयॉर्कच्या हॉटेलात ते, संघाचे प्रसिद्धीप्रमुख बिल टनेल आणि ओकलंडच्या वर्तमानपत्राचे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग असे तिघे बसले होते. आपला संघ रोज मार खातोय, बाहेर पाऊस पडतोय, आणि घर तीन हजार मैलांवर. अशा वेळी आपल्याकडची माणसं पत्ते काढतात. या तिघांनी नियम काढले.

कल्पना अशी, की खऱ्या संघावर आपली सत्ता चालत नसेल तर आपला एक कागदी संघ करावा. वेगवेगळ्या खऱ्या संघांतले खेळाडू आळीपाळीने निवडावेत, आणि ते मैदानात जो पराक्रम करतील तो आपल्या खात्यावर जमा करावा. विंकेनबाख यांना हा नाद जुनाच होता. त्याआधी गोल्फपटूंच्या आकड्यांवर त्यांनी असाच खेळ बसवला होता. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, त्यांच्या घराच्या तळघरात आठ ‘मालक’ जमले आणि खेळाडूंची पहिली निवड झाली. मंडळाचं नाव एवढं लांबलचक होतं, की ते चेकवर मावलं नसतं: ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग.

त्या दिवशी पहिल्यांदा उचलला गेला तो जॉर्ज ब्लांडा. वय वर्षं पस्तीस. वास्तविक त्याच यादीत जिम ब्राउन होता, ज्याने त्या मोसमात चेंडू घेऊन १,८६३ यार्ड पळून दाखवले. पण ब्लांडा चेंडू फेकायचाही आणि लाथेने खांबांमधून मारायचाही. म्हणजे पगार आणि ओव्हरटाइम दोन्ही एकाच माणसाकडून! कुठलाही जाणता हिशेबनीस त्यालाच उचलील. हा ब्लांडा पुढे अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. त्या वयात आमच्याकडे लोक स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारत असतात.

या मंडळात शेवटच्या नंबरालाही बक्षीस होतं. फुटबॉलच्या आकाराचं एक लाकडी तोंड आणि त्यावर ‘ढ’ मुलाला घालायची उंच टोपी. ते वर्षभर दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल असं ठेवायचं. आमच्या खात्यात ही प्रथा सुरू झाली तर हिशेब पैशापैशाला जुळतील, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता हा खेळ अमेरिकेत कोट्यवधी माणसं खेळतात. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला.

‘‘मामा, आज माझा संघ जिंकला!’’

‘‘अरे वा! लागलंबिगलं नाही ना कुठे?’’

‘‘मला कशाला लागेल? मी सोफ्यावर होतो.’’

मग त्याने मला हिशेब समजावला. दहा यार्ड पळालं की एक गुण. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली, म्हणजे टचडाउन केलं, की सहा गुण. बऱ्याच मंडळांत प्रत्येक झेलाला आणखी एक. ऑफिसातले दहा-बारा जण, प्रत्येकाचा संघ, दर आठवड्याला जोड्या लावायच्या, आणि डिसेंबर संपता संपता अंतिम सामना. मला हे ताबडतोब कळलं. हे क्लिअरिंग हाउस आहे. पराक्रम सिनसिनाटीच्या शाखेत, जमा न्यू जर्सीच्या खात्यात!

आता प्रश्न येतो मानकऱ्याचा. खऱ्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, सर्वांत मोलाचा खेळाडू निवडतात. ती निवड माणसं डोळ्यांनी सामना बघून करतात. म्हणूनच जानेवारी १९७१ मध्ये एक चमत्कार घडला. बाल्टिमोर कोल्ट्सने डॅलस काउबॉइजना १६-१३ असं हरवलं आणि मान मिळाला डॅलसच्या चक हाउलीला. हरलेल्या संघाचा खेळाडू! आणि तोही बचाव करणारा. प्रतिस्पर्ध्याचे दोन फेक त्याने मध्येच पकडले होते. हरलेल्या संघातल्या माणसाला सुपर बोलचा हा मान आजवर दुसऱ्यांदा मिळालेला नाही.

कागदी फुटबॉलमध्ये असला भावनेचा कारभार नाही. तिथे बेरीज जे म्हणेल ते. अंतिम आठवड्यात ज्याने सर्वांत जास्त गुण जमा केले, तो मोलाचा. या हिशेबाने काही नावं अजरामर झाली आहेत. २४ डिसेंबर २०१७ रोजी लॉस एंजेलिस रॅम्सच्या टॉड गर्लीने टेनेसीविरुद्ध पळून आणि झेलून मिळून २७६ यार्ड काढले, वर दोन टचडाउन. झेल दहा. मी बेरीज केली: ४९.६. दोनदा तपासली, बरोबर आहे.

त्याच्यावर ताण केली ती न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या अल्विन कमाराने. २५ डिसेंबर २०२०, नाताळ, शुक्रवार. समोर मिनेसोटा. पठ्ठ्याने एका सामन्यात सहा टचडाउन पळून काढले. असं त्याआधी एकदाच झालं होतं, १९२९ साली, अर्नी नेव्हर्सकडून. १५५ यार्ड पळून, १७ यार्ड झेलून, तीन झेल, एकूण ५६.२. कित्येक मंडळांचा अंतिम सामना त्या शुक्रवारीच निकालात निघाला. समोरच्या मालकाने शनिवार-रविवार काय करायचं? केक खायचा. आणि गंमत पाहा, कमाराने त्या दिवशी एक बूट लाल आणि एक हिरवा घातला होता, म्हणून लीगने त्याला पाच हजार डॉलर दंड केला. सहा टचडाउन आपल्या जागी, गणवेश आपल्या जागी. ऑफिस कुठलंही असो, हेड ऑफिस सगळीकडे सारखंच.

तिसरा जमार चेस, सिनसिनाटीचा. तारीख २ जानेवारी २०२२. पहिल्याच वर्षाचा पोरगा आणि त्याने कॅन्सस सिटीविरुद्ध अकरा झेलांत २६६ यार्ड आणि तीन टचडाउन केले. ५५.६. भाच्याच्या समोरच्या मालकाकडे हा चेस होता. भाचा आठवडाभर फोनवर बोलला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. पण हिशेब आणि खेळ यांची तोंडं कधीकधी विरुद्ध दिशेला होतात. १६ डिसेंबर २००७ रोजी फिलाडेल्फियाचा ब्रायन वेस्टब्रुक डॅलसविरुद्ध चेंडू घेऊन सुटला. संघ १०-६ ने पुढे, दोनेक मिनिटं बाकी, समोर मैदान मोकळं. आणि हा गृहस्थ रेषेच्या एक यार्ड अलीकडे चक्क गुडघा टेकून थांबला! टचडाउन केलं असतं तर चेंडू डॅलसकडे गेला असता. थांबल्यामुळे चेंडू आपल्याकडेच राहिला, आणि डॅलसला खेळ थांबवण्याची सवलत उरली नसल्यामुळे घड्याळच सामना संपवून गेलं. खऱ्या फुटबॉलमध्ये एवढा शहाणपणा क्वचित दिसतो. पण तो आठवडा म्हणजे कित्येक कागदी मंडळांची उपांत्य फेरी. वेस्टब्रुकच्या मालकांचे सहा गुण त्या एका यार्डात पुरले गेले. सामना त्याच्या संघाने जिंकला आणि शिव्या त्यालाच बसल्या. त्या दिवशी सर्वांत मोलाचा कोण, याचं उत्तर तुम्ही मैदानात बसला आहात की सोफ्यावर, यावर अवलंबून होतं.

आमच्या धंद्यातही हे असंच असतं. दर नोव्हेंबरला पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. माणूस काउंटरसमोर उभा असतो, खोकत असतो, ‘‘काय साहेब, बरंय ना?’’ विचारत असतो. तरी तो जिवंत असल्याचा कागद घेतल्याशिवाय त्याचं खातं त्याला जिवंत मानत नाही. खात्याला माणूस दिसत नाही. त्यात खात्याचा दोष नाही, ते त्यासाठी केलेलंच नाही. बघायचं काम काउंटरच्या अलीकडच्या माणसाचं आहे.

हे सांगण्याचं कारण २ जानेवारी २०२३. चेसच्या पराक्रमाला बरोब्बर एक वर्ष झालं होतं. तेच सिनसिनाटीचं मैदान, सोमवारची रात्र, समोर बफेलो बिल्स. देशभरच्या कागदी मंडळांचा अंतिम आठवडा आणि त्याचा हा शेवटून दुसऱ्या दिवसाचा नव्हे, तर शेवटचाच सामना. दोन्ही संघांत गुणांच्या खाणी. लाखो लोक पेन्सिली सरसावून बसलेले. पहिल्या पावात सिनसिनाटी ७-३ ने पुढे असताना बफेलोच्या डमार हॅमलिन या चोवीस वर्षांच्या खेळाडूने समोरच्याला अडवलं, तो उठून उभा राहिला आणि मागच्या मागे कोसळला. हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच छाती दाबून त्याला परत आणलं. भोवती त्याचे सहकारी पाठ करून कडं धरून उभे होते, रडत होते.

हॅमलिन बचाव फळीतला. बहुतेक कागदी मंडळांत बचावाचे खेळाडू एकेकटे निवडतच नाहीत. संपूर्ण फळी मिळून एक नग धरतात. म्हणजे त्या रात्री ज्याच्यासाठी सगळे श्वास रोखून बसले होते, त्याचं नाव जवळजवळ कुणाच्याच वहीत नव्हतं.

सामना थांबला तो पुन्हा झालाच नाही. लीगने तो रद्द केला. हिशेब अर्धवट राहिले, आणि हिशेब अर्धवट राहिला की एरवी माणसं काय थराला जातात हे मी रोज पाहतो. पण अनेक मंडळांनी दोघांनाही विजेते म्हणून वही मिटली. हॅमलिनने २०२० साली मुलांना खेळणी वाटण्यासाठी एक निधी काढला होता. अपेक्षा होती अडीच हजार डॉलरची. त्यात आता ऐंशी लाखांवर डॉलर जमा झाले. भाच्याच्या मंडळाने बक्षिसाची रक्कम तिथे पाठवली. अंतिम सामन्यात भाचा होता. मी विचारलं, ‘‘जिंकत होतास का रे?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, बघितलंच नाही.’’

तीन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, की हॅमलिन शुद्धीवर आला आहे. बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने लिहून विचारलं होतं: आपण जिंकलो का? डॉक्टर म्हणाले, हो, तू जिंकलास. २०२३ च्या पुढच्या मोसमात तो पुन्हा मैदानात उतरला.

मी माझ्या वहीत गर्ली, कमारा, चेस यांचे आकडे लिहून ठेवले आहेत. त्याखाली हॅमलिनचं नाव आहे. गुणांच्या रकान्यात काही नाही. शेऱ्यात मात्र लिहिलं आहे: हयातीचा दाखला मिळाला.