चांदणीच्या पटावर चीन नाही, बदाम सातात आहे

रत्नागिरीतील मे महिन्याची दुपार. मुंबईहून आलेली भावंडे पडवीत जमलेली, वडीलधारी मंडळी वामकुक्षीत, आणि मुलांना 'उन्हात पाऊल टाकायचे नाही' असा सक्त हुकूम. अशा वेळी फडताळातून दोन वस्तू हमखास बाहेर निघतात. एक म्हणजे सहा टोकांच्या चांदणीचा रंगीत पट, अर्थात 'चायनीज चेकर'. दुसरी, कोपरे दुमडलेला पत्त्यांचा कॅट.

या दोहोंपैकी चिनी खेळ कोणता, असे विचारले तर बहुतेकांचे बोट पटाकडे जाईल. नावातच चीन आहे, मग शंका कशाला? पण इतिहास नेमका उलट आहे. चांदणीच्या पटाचा चीनशी काडीमात्र संबंध नाही. चीनशी जुने, खरे नाते आहे ते बदाम सात, झब्बू आणि गुलामचोराचे. आजचा धागा या उलटापालटीविषयी.

प्रथम पटाची हकिकत. १८८३-८४ च्या सुमारास अमेरिकेतील बॉस्टन शहरात जॉर्ज हॉवर्ड मंक्स नावाच्या शल्यचिकित्सकाने 'हाल्मा' हा खेळ तयार केला. ग्रीक भाषेत हाल्मा म्हणजे उडी. चौकोनी पट, १६ ओळींत प्रत्येकी १६ घरे, आणि दुसऱ्याच्या सोंगटीवरून उडी घेत समोरचा कोपरा गाठायचा, एवढाच नियम. १८९२ मध्ये जर्मनीतील रावेन्सबुर्गर या खेळणी-प्रकाशकाने चौकोनाच्या जागी सहा टोकांची चांदणी आणली आणि तिला 'श्टेर्न-हाल्मा', म्हणजे चांदणीचा हाल्मा, असे नाव दिले. आज कोकणातील पडवीत दिसतो तो हाच पट: सहा टोकांत प्रत्येकी १० घरे, मधल्या षट्कोनात ६१, एकूण १२१.

मग चीन आला कुठून? १९२८ मध्ये अमेरिकेतील प्रेसमन कंपनीने हाच जर्मन खेळ 'हॉप चिंग चेकर्स' या नावाने बाजारात आणला. 'हॉप' हा उडीसाठीचा इंग्रजी शब्द, आणि पुढे कानाला चिनी भासेल असे शेपूट. थोड्याच काळात 'चायनीज चेकर्स' हे नाव रूढ झाले. पटावर ड्रॅगन, पागोडे, कंदील काढले की काम झाले!

या नामकरणामागे एक ताजी लाट होती. जोसेफ बॅबकॉक हा अमेरिकी तेलकंपनीचा प्रतिनिधी चीनमधील सूझौ येथे राहत असे. तेथे पाहिलेला माहजाँग त्याने सोपा करून अमेरिकेत नेला आणि १९२० नंतरच्या दोन-चार वर्षांत त्या खेळाने तिथे अक्षरशः वेड लावले. 'चिनी' म्हटले की माल खपतो, हे व्यापाऱ्यांनी तेव्हा ओळखले. विसंगती अशी, की याच देशात १८८२ पासून चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा लागू होता आणि तो १९४३ पर्यंत टिकला. चिनी माणूस दाराबाहेर, चिनी नाव मात्र दिवाणखान्यात.

कानात निरोप सांगत पुढे पोहोचवण्याच्या खेळाचेही असेच. रांगेतील पहिल्या मुलाने 'आत्याने आंबे आणले' म्हणावे आणि शेवटच्याने 'हत्तीने खांबे हलवले' असे ओरडावे, हा तो खेळ. इंग्रजी माध्यमाच्या शाळांमुळे तो आपल्याकडे 'चायनीज व्हिस्पर' म्हणून पोहोचला. पण एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये या खेळाला 'रशियन स्कँडल' म्हणत. फ्रान्समध्ये तो 'अरबी टेलिफोन' आहे. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, त्याच्या माथी गोंधळ मारायचा, एवढाच या नावांचा अर्थ. मराठीने निदान इतके केले नाही. गुपित फुटले की ती गोष्ट 'षट्कर्णी' झाली असे आपण म्हणतो. दोष सहा कानांचा, कुठल्या देशाचा नव्हे.

आता पत्त्यांकडे वळू. खरा मजकूर इथे आहे.

इ.स. १२९४. चीनवर मंगोल युआन घराण्याचे राज्य. त्या वर्षीच्या एका सरकारी नोंदीनुसार दोन जुगाऱ्यांना कागदी पत्ते खेळताना पकडण्यात आले. त्यांच्याकडून ९ पत्ते आणि पत्ते छापण्याचे लाकडी ठसे जप्त झाले. या दोघांपैकी एकाच्या नावाचा अर्थ चक्क 'डुक्कर-कुत्रा' असा होतो. पत्त्यांच्या इतिहासातील एवढा भक्कम प्रारंभिक पुरावा एका पोलिसी कारवाईने राखून ठेवावा, हीही गंमतच. नोंदीत पत्त्यांसाठी 'झी-पाय' हा शब्द आहे.

याच १२९४ मध्ये हजारो कोस दूर, इराणमधील तब्रिझ शहरात, मंगोलांच्याच दुसऱ्या शाखेतील गैखातू या राजाने चीनच्या धर्तीवर छापील कागदी चलन सुरू केले. त्यावर चिनी अक्षरेही होती. लोकांनी ते स्वीकारले नाही, बाजार बंद पडले आणि जेमतेम दोन महिन्यांत चलन मागे घ्यावे लागले. पण चीन आणि इराण ही दोन टोके तेव्हा एकाच मंगोल परिवाराच्या हाती होती, माणसे आणि वस्तू सतत ये-जा करत होत्या, हे यावरून स्पष्ट दिसते. कागदाचा पैसा इराणात रुजला नाही. कागदाचा खेळ पश्चिम आशियात पक्का रुजला.

पंधराव्या शतकापर्यंत इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या दरबारात 'कंजिफा' खेळला जात होता. मामलुक पत्त्यांचा एक सुंदर संच आज इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे; त्यातील चार रंग म्हणजे नाणी, पेले, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. इथून वाट दुभंगते. १३७० च्या दशकात पत्ते युरोपात अवतरतात. तिकडे पुढे फ्रेंच कारागिरांनी त्यांना आजचे चार आकार दिले. दुसरी वाट इराणमार्गे भारतात येते आणि 'गंजिफा' होते. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हसनला गंजिफाचा संच भेट पाठवल्याचे त्याच्याच आत्मचरित्रात आहे.

'गंजिफा' शब्दाच्या शेपटीत चिनी 'झी-पाय' दडला असावा, असा तर्क हौटम-शिंडलर यांनी १८९५ मध्ये मांडला. तर्क मोहक आहे, पण केवळ शब्दसाम्यावर इतिहास उभारणे धोक्याचे. त्यापेक्षा खेळाचा नियम अधिक वजनदार साक्ष देतो. गंजिफात निम्म्या रंगांत दश्शी सर्वांत मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटा: एक्का मोठा, दश्शी लहान. असा विचित्र उलटा क्रम चीनमधील 'मादियाओ' या पत्त्यांच्या खेळात नाण्यांच्या रंगात आहे, आणि स्पेनमधील जुन्या 'ओम्ब्रे' खेळातही काही रंगांत आहे. चीन, भारत आणि स्पेन या तिघांना ही एकच खोड स्वतंत्रपणे सुचली असे मानणे कठीण आहे. नाव बदलते, चित्र बदलते, पण नियमातील विक्षिप्तपणा पिढ्यान्‌पिढ्या तसाच पुढे जातो. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणी खेळांच्या इतिहासावर काम करणार असेल, तर त्याने खोक्यावरचे नाव नंतर वाचावे, नियम आधी वाचावेत.

इराणी दरबारी संस्कृती दख्खनमध्ये शिरली त्या दारांपैकी एक रत्नागिरी जिल्ह्यातच आहे: दाभोळ. बहमनी काळात वाशिष्ठीच्या मुखावरील या बंदरात पश्चिमेकडून घोडे येत, इराणी व्यापारी आणि मुत्सद्दी उतरत. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात भारतातून परतला तो याच बंदरातून होर्मुझकडे. आज दाभोळला गेलेल्यांना खाडीकाठची जुनी मशीद दिसते. बंदराचे ते वैभव कल्पनेनेच पाहावे लागते.

आणखी दक्षिणेला सावंतवाडी. हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यावर रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत तिथेच होते. इथल्या चिताऱ्यांनी गंजिफाचे जे केले, त्याला तोड नाही. मोगली गंजिफात ८ रंग आणि ९६ पाने. त्यांवर नाणी, तलवारी, मुकुट, गुलाम. दशावतारी गंजिफात मात्र रंग १०, पाने १२०, आणि प्रत्येक रंग विष्णूच्या एकेका अवताराचा. मत्स्य, कूर्म, वराह असे करत कल्कीपर्यंत. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत १० पाने. पाने गोल, हाताने रंगवलेली; चिंचोक्यांची खळ आणि लाखेचा लेप यांनी टणक केलेली. चीनहून निघालेला खेळ इथे पोहोचेपर्यंत इतका वैष्णव झाला होता, की त्याला परका म्हणण्याची कुणाची छाती होऊ नये.

बावन्न पानी कॅटचेही तसेच झाले. युरोपातून आलेल्या पानावरचे हृदय मराठी डोळ्यांना बदामासारखे दिसले, हिऱ्याची चौकट झाली, आणि बदामाची सत्ती ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची असा खेळ घराघरांत पोहोचला. विशेष म्हणजे गंजिफातही पहिली उतारी अशीच ठरते: दिवसा राम ज्याच्या हाती त्याची, रात्री कृष्ण ज्याच्या हाती त्याची. (जाता जाता: पोर्तुगीज खलाशांनी हेच युरोपीय पत्ते सोळाव्या शतकात जपानला नेले. तिथे बनलेल्या जपानी पत्त्यांच्या धंद्यासाठी १८८९ मध्ये क्योटोत एक दुकान निघाले. त्याचे नाव निन्टेन्डो.)

पतंगाविषयी थोडक्यात. पतंग चीनचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. ५४९ मध्ये नानजिंगच्या वेढ्यात अडकलेल्यांनी कागदी पतंगावरून मदतीचा निरोप पाठवल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. पण मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी साक्ष निराळीच आहे. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात मुलगा कागद आणून पतंग करतो, आकाशात सोडतो, सोबत्यांशी गप्पा मारतो आणि तरीही चित्त दोरीवर ठेवतो. ईश्वरावरील अवधानासाठी नामदेवांना ही उपमा सुचली. कागद चिनी, पतंग चिनी, आणि उपमा पंढरीच्या भक्ताची.

मराठीत पतंगाला 'वावडी' असाही जुना शब्द आहे, आणि अफवा पसरवण्याला आपण 'वावड्या उठवणे' म्हणतो. चीनच्या नावाने उठलेली सर्वांत घातक वावडी म्हणजे 'चिनी मांजा'. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापणाऱ्या या नायलॉनच्या दोऱ्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. नाव चिनी असले तरी तो मोठ्या प्रमाणावर भारतातल्याच कारखान्यांत तयार होतो. नावामुळे घडते असे, की दोष सीमेपलीकडे जातो आणि रीळ गल्लीतल्या दुकानात तसेच विकले जाते. २०२० मध्ये गलवाननंतर चिनी वस्तूंवर बहिष्काराची हाक उठली. त्या भरात कुणी 'चायनीज चेकर' अडगळीत टाकला असेल, तर त्याने जर्मन खेळ टाकला आणि पत्ते घरात ठेवले.

सावंतवाडीची गंजिफा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ संपली होती. ही कला जाणणारे हात अगदी मोजके उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवले. तेथे गंजिफा आजही रंगवली आणि विकली जाते. विकत घेणारे बहुधा ती भिंतीवर लावतात, कारण डाव मांडायचा कसा हे फार थोड्यांना माहीत असते. तो असा: खेळणारे तीन, प्रत्येकाला ४० पाने. हुकूम नाही. उतरलेल्या रंगातील सर्वांत मोठे पान हात जिंकते. पाच रंगांत दश्शी मोठी, पाच रंगांत एक्का मोठा, हे मात्र सुरुवातीलाच नीट पाठ करून बसावे, कारण भांडणे तिथेच होतात.