पहिला पॉलिशर निवडताना

मुंबई-पुण्यातील सोसायट्यांमध्ये सकाळी एक दृश्य हमखास दिसते. एक बादली, एक फडके आणि त्याच पाण्यात एकामागून एक पुसल्या जाणाऱ्या दहा-बारा गाड्या. पहिल्या गाडीवरची धूळ त्या फडक्यातून शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचते आणि वाटेत प्रत्येक गाडीच्या रंगावर बारीक ओरखडे उमटवीत जाते. वर्ष-दोन वर्षांत काळ्या, निळ्या किंवा लाल गाडीवर ऊन पडले की कोळिष्टकासारखी वर्तुळे दिसू लागतात. हे ओरखडे खरे तर सर्व दिशांनी गेलेले असतात. प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून ते गोलाकार भासतात.

दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुऊन पुसून ठेवताना ही वर्तुळे प्रकर्षाने जाणवतात. मग गॅरेजमधील ‘रबिंग-पॉलिशिंग’चा विचार सुरू होतो किंवा हे काम आपणच घरी करावे, असे वाटू लागते. ते घरी करता येते. मात्र यंत्र आणि पॅड यांची निवड चुकल्यास ओरखड्यांपेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

पॉलिश म्हणजे काय?

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्यावरील केसाच्या जाडीहूनही कमी असतो. उन्हापासून रंगाचे रक्षण याच थरामुळे होते.

मेण किंवा वॅक्स लावल्याने ओरखडे काही काळ झाकले जातात. पॉलिशने ते झाकले जात नाहीत, तर ओरखड्याच्या तळापर्यंतचा क्लिअर कोट घासून सपाट केला जातो. घासलेला थर पुन्हा भरून येत नाही. एकदा तो संपला की त्या भागाला नव्याने रंग देण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणूनच पहिल्या यंत्राची निवड करताना वेगापेक्षा सुरक्षितता महत्त्वाची. नखाला लागेल इतका खोल ओरखडा पॉलिशने पूर्ण काढण्याचा हट्टही धरू नये.

यंत्रांचे प्रकार

रोटरी पॉलिशर : यात पॅड एकाच अक्षाभोवती, मिनिटाला साधारण ६०० ते ३,००० फेरे, फिरते. गॅरेजमध्ये हेच यंत्र अधिक आढळते. ते जलद काम करते, परंतु एका जागी रेंगाळल्यास तेथे उष्णता साठते आणि कडेचा रंग क्षणात उडू शकतो. सराव नसलेल्या हाताने वापरल्यास सर्व गाडीभर चक्राकार खुणाही राहतात.

ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर : यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता एका छोट्या वर्तुळातही हलते. हाताचा दाब वाढला किंवा पॅड तिरपे टेकले, तर त्याचे फिरणे मंदावते किंवा थांबते आणि ते केवळ थरथरत राहते. काम थांबते, पण रंग वाचतो. नवशिक्यासाठी हाच गुण सर्वांत मोलाचा आहे.

गिअरवर चालणारा ड्युअल अ‍ॅक्शन : यात फिरणे दाबाने थांबत नाही. त्यामुळे काम अधिक होते, पण यंत्र हाताला ओढते आणि उष्णताही अधिक निर्माण होते. हे यंत्र दुसऱ्या खरेदीसाठी राखून ठेवावे.

हार्डवेअरच्या दुकानात चार इंची ग्राइंडरला फोमचे पॅड लावून ‘हेही चालते’ असे सांगणारे भेटतात. असा ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. रंगासाठी हा वेग घातक आहे. त्या वाटेला जाऊ नये.

थ्रो, प्लेट आणि वीज

ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रावर ‘थ्रो’ म्हणून ८, १२, १५ किंवा २१ मिलिमीटर असा आकडा दिलेला असतो. पॅड ज्या छोट्या वर्तुळात हलते, त्याचा हा व्यास. मोठा थ्रो सपाट आणि रुंद भागावर वेगाने काम करतो, मात्र वळणदार भागावर पॅड लवकर अडते. आपल्याकडील छोट्या हॅचबॅक गाड्यांच्या दारांवर व बंपरवर वळणे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी ८ किंवा १२ मिलिमीटरचे यंत्र सोयीचे ठरते. मोठ्या बॉनेटची एसयूव्ही असेल तर १५ मिलिमीटरचा विचार करावा.

पॅड ज्या चकतीला वेल्क्रोने चिकटते ती बॅकिंग प्लेट पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरची असावी. पॅड तिच्यापेक्षा थोडे मोठे, साडेपाच ते सहा इंची घ्यावे, म्हणजे प्लेटची कठीण कड रंगाला लागत नाही. यंत्रातील प्रतिवजन ठरावीक आकाराच्या प्लेटसाठी जुळवलेले असते. प्लेटचा आकार बदलल्यास यंत्राची थरथर वाढते. प्लेटचे आटेही विचारून घ्यावेत. रोटरीला बहुधा एम १४ आटे असतात, तर ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये ५/१६ इंची किंवा एम ८ आढळतात. सुटी प्लेट नंतर मिळेल की नाही, याची खात्री खरेदीच्या वेळीच करावी.

वेग कमी-जास्त करण्याची सोय असणे अनिवार्य आहे. ७०० ते ९०० वॉटची मोटर घरच्या कामाला पुरते. वजनही पाहावे. अडीच किलोचे यंत्र दुकानात हलके वाटते, पण दारासमोर आडवे धरून तासभर चालविले की खांदे भरून येतात.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र मागविणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. तेथील वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. आपल्याकडे ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. तेथील यंत्र येथे थेट जोडल्यास मोटर जळते. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि तो जड असतो. पार्किंगमध्ये प्लगच नसेल तर बॅटरीवरील यंत्राचा पर्याय आहे. मात्र एका बॅटरीत पूर्ण गाडी होत नाही, हे लक्षात घेऊन जादा बॅटरीचा खर्च आधीच धरावा.

पॅडची निवड

अनेक जण सारी रक्कम यंत्रावर खर्च करतात आणि पॅड एक-दोनच घेतात. वास्तविक रंगाला स्पर्श करते ते पॅड. फोमच्या पॅडचे तीन मुख्य प्रकार आहेत. कठीण फोमचे कटिंग पॅड खोल ओरखड्यांसाठी कंपाउंडबरोबर वापरतात. मध्यम फोमचे पॉलिशिंग पॅड नेहमीच्या वर्तुळाकार खुणांसाठी असते. मऊ फोमचे फिनिशिंग पॅड शेवटच्या चकाकीसाठी किंवा वॅक्स पसरविण्यासाठी वापरतात. रंगावरून प्रकार ओळखू नये. एका कंपनीचे नारिंगी पॅड दुसऱ्या कंपनीच्या नारिंगी पॅडइतकेच कठीण असेल, असे नाही. वेष्टनावरील माहिती वाचूनच पॅड निवडावे.

मायक्रोफायबरचे पॅड ड्युअल अ‍ॅक्शनवर जलद काम करते, परंतु पुष्कळदा मागे धूसरपणा ठेवते व पुन्हा मऊ पॅड फिरवावे लागते. लोकरीचे पॅड सराव झाल्यावर घ्यावे. फार जाड फोमही टाळावा. यंत्राची हालचाल त्या फोममध्येच जिरून जाते.

पॅड काम करताना तापते आणि त्यात रंगाची भुकटी साचते. त्यामुळे एका गाडीसाठी किमान चार पॉलिशिंग, दोन कटिंग व एक फिनिशिंग पॅड जवळ असावे. प्रत्येक भाग झाल्यावर पॅड ब्रशने झाडावे. काम संपल्यावर सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे.

काम सुरू करण्यापूर्वी

- गाडी धुऊन, क्ले बारने रंगावर चिकटलेले कण काढून टाकावेत. धूळ असताना यंत्र लावणे म्हणजे नवे ओरखडे पाडणे.
- गाडी सावलीत असावी आणि पत्रा हाताला गार लागावा.
- प्लास्टिक, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंग पातळ असतो. प्लास्टिकच्या बंपरमध्ये उष्णता लवकर पसरत नाही, तेथे वेग व दाब कमी ठेवावा.
- बॉनेटवर दीड फूट चौरस भागात प्रथम मध्यम पॅड व सौम्य पॉलिशने चाचणी घ्यावी. पुरेसा फरक न पडल्यासच कटिंग पॅडकडे वळावे.
- प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढावी. रेघ फिरताना दिसली की पॅड फिरत आहे. ती स्थिर दिसली तर दाब कमी करावा.
- पॅड रंगावर टेकवूनच यंत्र सुरू करावे आणि बंद होईपर्यंत उचलू नये. वायर खांद्यावरून पाठीमागे घ्यावी. ओल्या जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नये. चष्मा व मास्क वापरावा.

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश लावू नये, तिचा मूळ पोत कायमचा बिघडतो. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्यांवर पॅडला गाडीचा रंग लागतो. तेथे घाबरण्याचे कारण नाही, पण रंग कमी होत आहे याची ती खूणच असते. गाडी जुनी खरेदी केलेली असेल किंवा पूर्वी अनेकदा रबिंग झालेले असेल, तर आधी एखाद्या जाणकाराकडून जाडीमापकाने रंग तपासून घ्यावा. हे मापक बहुधा सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते, एकट्या क्लिअर कोटची नव्हे. त्यामुळे आकडा चांगला आला तरी हात राखूनच काम करावे.

पॉलिश झाल्यावर वॅक्स किंवा सीलंटचा थर द्यावा. सकाळचे ते सामाईक फडके मात्र त्याच दिवसापासून बंद करावे. गाडी पुसणाऱ्यास आपल्या गाडीसाठी स्वतंत्र दोन बादल्या, शाम्पू आणि मायक्रोफायबरचे कापड द्यावे आणि धूळ कोरडी पुसण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाण्याने धुण्यास सांगावे. एवढे पाळले तर यंत्र वर्षातून एकदाही बाहेर काढावे लागणार नाही.