दूध टाकणारे बाळ आणि उपचारांची परीक्षा

तान्ह्या बाळाला उभे धरणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर एक जुने, मऊ फडके असते. ते कशासाठी, हे कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. बाळ दूध टाकते, फडके बदलते, दिवस पुढे सरकतो. काही बाळांचे मात्र असे होत नाही. ती दूध टाकतात आणि कळवळून रडतात, पाठ धनुष्यासारखी ताणतात, भूक असून तोंड फिरवतात. वजनाचा काटा जागचा हलत नाही. अशा बाळाच्या आईवडिलांना रात्री तीन वाजता एकच प्रश्न पडतो : यावर औषध कोणते? वैद्यकशास्त्रानेही गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे हाच प्रश्न विचारला. त्याला मिळालेली उत्तरे आणि त्या उत्तरांचे पुढे काय झाले, ही हकिकत विज्ञानाच्या शिक्षकाला उपयोगी पडावी अशी आहे.

आधी थोडे गणित. तान्ह्या बाळाला रोज दर किलो वजनामागे सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. म्हणजे चार किलोचे बाळ दिवसाला ६०० मिलिलिटर दूध पिते. याच हिशेबाने साठ किलोच्या शिक्षकाला रोज नऊ लिटर दूध प्यावे लागेल, आणि तेही बहुतेक वेळ आडवे पडून! अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरताना ते उघडते आणि मग मिटते. पण ते अधूनमधून, गिळण्याचा संबंध नसतानाही, काही सेकंद सैल पडते. मोठ्या माणसांतही हे घडते. १९८० ते १९८२ या काळात डॉड्स, डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबमापनाने ते दाखवून दिले. बाळाची अन्ननलिका आखूड आणि जठर काठोकाठ भरलेले. अशा वेळी कडे सैल पडले की दूध वर येणारच.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे विल्यम प्राऊट यांचे संशोधन १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे आम्ल अन्ननलिकेला जाळू शकते, ही गोष्ट न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टाइन यांनी १९३५ मध्ये प्रौढ रुग्णांवरून मांडली. बाळांची पाळी आली १९४७ मध्ये. बॉस्टनचे नॉयहाउझर आणि बेरेनबर्ग यांनी सतत ओकणाऱ्या अर्भकांना बेरियम पाजून क्ष-किरणांखाली पाहिले, तेव्हा बेरियम जठरातून सरळ वर परतताना दिसले. कडे सैल राहते, असे त्यांनी निदान केले. उपायही ओघानेच आला : बाळाला उभे ठेवा.

बेलफास्टचे डॉक्टर कॅरे यांनी हा उपाय नेटाने राबवला. जठराचा काही भाग छातीत सरकलेल्या मुलांना ते रात्रंदिवस खुर्चीवजा आधारात बसते ठेवीत. पण त्यांचे खरे मोठे काम वेगळेच आहे. उपचार न मिळालेल्या अशा मुलांचे पुढे काय झाले, याचा त्यांनी शोध घेतला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुमारे ६० ते ६५ टक्के मुले दोन वर्षांची होईपर्यंत आपोआप बरी झाली होती. सुमारे ५ टक्के मुलांची अन्ननलिका व्रणांमुळे आकसली, आणि जवळपास तितकीच दगावली. या आकड्यांत सगळा पेच आहे. आजार काही थोड्यांसाठी खरोखर घातक, पण बहुसंख्यांसाठी आपणहून ओसरणारा. मग ज्या औषधानंतर बाळ बरे झाले, त्या औषधाने ते बरे झाले हे ठरवायचे कसे?

खुर्चीची परीक्षा व्हायला १९८३ साल उजाडले. सुसान ओरेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी बाळांना आळीपाळीने ६० अंशांच्या आसनात आणि पालथे ठेवून अन्ननलिकेतील आम्ल मोजले. आसनात ते जास्त वर येत होते! आसनात लहान बाळ कंबरेत दुमडते, पोटावर दाब येतो. निदान मला तरी यात आता नवल वाटत नाही. मात्र तोवर आसन हाच जगन्मान्य उपचार होता.

मग पालथे निजवावे का? तसा सल्ला फार आधीपासून होता. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या बालसंगोपनाच्या पुस्तकातही १९५८ च्या आवृत्तीत तो होता. कारण दिले होते ते असे की, उताणे बाळ ओकले तर गुदमरेल. युक्तिवाद पटण्याजोगा, पण शरीररचना उलट सांगते. उताण्या बाळात श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढावे लागते. बाळ पालथे केले की ही रचना उलटी होते. पुढे अनेक देशांतील पाहण्यांनी दाखवले, की पालथ्या झोपणाऱ्या बाळांत झोपेत अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण जास्त आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये सल्ला बदलला. हजार जन्मांमागे १.२ असणारे अशा मृत्यूंचे प्रमाण २००१ पर्यंत ०.५६ वर आले. आज ओकणाऱ्या बाळालाही उताणेच निजवतात.

औषधांची कहाणी याहून वेगवान आहे. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडीन १९७६ मध्ये बाजारात आले, ओमेप्राझोल १९८८ मध्ये. दोन्ही आम्लाची निर्मिती रोखतात, आणि प्रौढांच्या अल्सरवर त्यांनी क्रांती केली. जठर लवकर रिकामे करणारे सिसाप्राइडही आले. अमेरिकेत ते १९९३ मध्ये प्रौढांसाठी मंजूर झाले, पण बाळांनाही सर्रास दिले जाऊ लागले. हृदयाची लय बिघडल्याच्या ३४१ नोंदी १९९९ अखेरपर्यंत अमेरिकी औषध प्रशासनाकडे जमल्या. त्या सर्व वयांच्या रुग्णांच्या होत्या आणि त्यांत ८० मृत्यू होते. जुलै २००० मध्ये तिथली सर्वसाधारण विक्री थांबली. भारतात बंदी आली ती फेब्रुवारी २०११ मध्ये. मधल्या दशकाचा हिशेब कुणी मांडायचा?

आम्लरोधकांची परीक्षा पुन्हा ओरेनस्टाइन यांच्याच नावावर आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दूध पिताना वा त्यानंतर रडणारी १६२ बाळे होती. निम्म्यांना लॅन्सोप्राझोल, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. कोणाला काय मिळाले ते पालकांना ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. चार आठवड्यांत औषधाच्या गटात ८१ पैकी ४४ बाळांचे रडणे निम्म्याने उतरले. निष्क्रिय द्रव्याच्या गटात? तिथेही ८१ पैकी ४४. गंभीर दुष्परिणाम मात्र औषधाच्या गटात दहा बाळांत आढळले, दुसऱ्या गटात दोन. त्यांत फुप्फुसाच्या संसर्गांचा भरणा होता. दूध स्वतःच आम्ल बरेचसे निष्प्रभ करते, त्यामुळे पाजल्यानंतरच्या तासाभरात वर येणारे द्रव्य पुष्कळदा आम्ल नसतेच, हे ध्यानात घेतले की निकाल तितकासा कोड्यात टाकत नाही.

माझ्या मुलीच्या वेळी आमच्या घरात औषधाच्या बाटल्यांची रांग लागली होती. रांग लावणाऱ्या पालकांना मी हसणार नाही. रडणाऱ्या बाळापुढे नुसते थांबणे हा कठीण उपचार आहे.

एक धागा आम्लापासून दूर गेला आणि फलदायी ठरला. इटलीतील इयाकोनो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा २०४ बाळांची तपासणी केली. ८५ जणांना गाईच्या दुधातील प्रथिने सोसत नव्हती. म्हणून २०१८ च्या अमेरिकी-युरोपीय मार्गदर्शक सूचनांत क्रम असा आहे : आधी एका वेळचे दूध कमी करणे आणि ते दाट करणे, मग दोन ते चार आठवडे गाईच्या दुधातील प्रथिने वगळणे (अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईने आपल्या आहारातून), आणि आम्लरोधक त्यानंतर, तेही ठरावीक मुदतीपुरते.

हिरवी उलटी, रक्त, जोराने फवाऱ्यासारखे ओकणे किंवा वजन न वाढणे ही लक्षणे असतील तर मात्र क्रम पाहत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कॅरे यांच्या आकडेवारीतील ती थोडी मुले आजही आहेत. मेंदूला इजा झालेल्या किंवा जन्मतः तुटलेली अन्ननलिका जोडलेल्या काही मुलांवर बाझेलच्या रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया करावी लागते. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गळपट्ट्यासारखा गुंडाळून टाके घालतात. आता हे बहुधा दुर्बिणीतून, पोटावरच्या चार-पाच छोट्या छिद्रांतून होते.