चेन्नईतील अवयवदान : निषेधाकडून व्यवस्थेकडे

एखादी गोष्ट कायद्याने निषिद्ध ठरवणे आणि तिची गरज भागवणारी पर्यायी व्यवस्था उभारणे, ही प्रशासनाची दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले की दुसरे आपोआप होते, असा समज असतो. चेन्नईतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा इतिहास हा समज खोडून काढतो.

ऐंशीच्या दशकात या शहरातील विल्लिवाक्कम या वस्तीला लोक ‘किडनीवाक्कम’ म्हणू लागले होते, कारण तेथील अनेक गरिबांनी कर्जापायी आपले एक मूत्रपिंड विकले होते. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी ठराव केले आणि त्यानंतर संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला. तामिळनाडूनेही तो पुढे स्वीकारला. विक्री हा गुन्हा ठरला. तथापि, नातेवाईक नसलेल्या व्यक्तीस ‘स्नेह वा जिव्हाळ्यापोटी’ अवयव देण्याची मुभा कायद्यात होती. त्यासाठी प्राधिकार समितीची संमती लागे. दलालांनी नेमकी हीच वाट धरली. धनवान रुग्ण आणि कर्जबाजारी मजूर यांच्यातील जिव्हाळा कागदावर सिद्ध होऊ लागला.

या व्यवहारात विक्रेत्याच्या पदरी काय पडले? चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ व्यक्तींची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी विक्री केली होती. मिळालेली रक्कम सरासरी १,०७० डॉलर, म्हणजे कबूल केलेल्या रकमेहूनही कमी होती. विक्रीनंतर कुटुंबांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि बहुतेकांचे कर्ज पाहणीच्या वेळीही कायम होते. अवयव गेला, ऋण राहिले. २००७ च्या प्रारंभी उत्तर चेन्नईतील एर्णावूर येथे त्सुनामीने विस्थापित झालेल्या स्त्रियांनी मूत्रपिंडे विकल्याचे उघड झाले, तेव्हा केवळ बंदीची मर्यादा सर्वांना दिसली.

पुढील पाऊल महत्त्वाचे ठरले. सप्टेंबर २००८ मध्ये तामिळनाडू शासनाने लागोपाठ आदेश काढून मृत्यूपश्चात अवयवदानाचा राज्यव्यापी कार्यक्रम आखला. मेंदूमृत्यूची तपासणी व नोंद, प्रतीक्षायादी आणि अवयववाटपाचा क्रम यांचे नियम ठरले. त्याच महिन्यात एका डॉक्टर दाम्पत्याने अपघातात मेंदूमृत झालेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दान केले. पोलिसांनी वाहतूक थांबवून त्याचे हृदय अकरा मिनिटांत दुसऱ्या रुग्णालयात पोहोचवले. त्या घटनेने जनमानस हलले. परंतु जनमानस हलले तेव्हा नियम तयार होते, हे प्रशासकाने विसरू नये. डिसेंबर २०१४ मध्ये या कार्यक्रमाचे स्वतंत्र प्राधिकरणात रूपांतर झाले.

आता अर्थकारणाचा प्रश्न. अवयव विनामूल्य मिळतो, पण शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग आणि त्यानंतर आयुष्यभर घ्यावी लागणारी औषधे विनामूल्य नसतात. दात्यांत रस्ते अपघातात सापडलेले सामान्य लोक पुष्कळ, तर हृदय वा यकृत बसवून घेण्याची ऐपत मोजक्यांची. २०१८ मध्ये परदेशी रुग्णांना चेन्नईत हृदये मिळण्यावरून वाद झाला. पात्र भारतीय रुग्ण नसेल तरच परदेशी रुग्णाचा विचार, असा नियम होता. नियम योग्यच, परंतु ज्याला खर्च परवडत नाही तो यादीत येतच नाही, आणि मग ‘भारतीय रुग्ण नाही’ हे विधान कागदोपत्री खरे ठरते. म्हणूनच स्टॅन्ली व राजीव गांधी शासकीय रुग्णालयांतील प्रत्यारोपण आणि शासकीय विमा योजनेतील त्याचा समावेश, हा या कार्यक्रमाचा नैतिक आधार आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचा निर्णय तामिळनाडूने जाहीर केला. सन्मान उचितच आहे. पण दात्याच्या कुटुंबाला आपल्या परिस्थितीतला माणूसही या दानाचा लाभार्थी होऊ शकतो, याची खात्री देणे हा अधिक मोठा सन्मान होय. दान समाजाचे असेल, तर वाटपाचा हिशेबही समाजाला मिळाला पाहिजे. आपण परप्रांतात राहत असू वा स्वगृही, दानपत्र भरताना हा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.