एकटी पेशी वाढत नाही

मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. प्रयोगशाळेत माझं काय काम? पण मंडळी, काचेच्या एका बशीची गोष्ट वाचनात आली आणि ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

शरीरातल्या पेशी बाहेर काढून पोषक द्रवात वाढवण्याची विद्या विसाव्या शतकाच्या आरंभी माणसाला साधू लागली. अडचण एकच होती. पेशी घोळक्यात असल्या तर तगत, एकटीदुकटी मात्र मरून जाई. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथं थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी यावर तोड काढली. काही पेशींवर त्यांनी क्ष-किरण सोडले. त्या जिवंत राहिल्या, पण त्यांची संख्या वाढणं थांबलं. बशीच्या तळाशी अशा पेशींचा थर दिला, की त्यांच्या सोबतीनं एकटी पेशीही वाढू लागे. या थराला आपण पोशिंदा थर म्हणू.

पुढं बॉस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेत हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड उंदराच्या एका गाठीतल्या पेशींचा अभ्यास करत होते. त्यांत अचानक त्वचेसारख्या पेशींचे पुंजके दिसू लागले. शोधत होते एक, हाती लागलं दुसरंच! मग त्यांनी माणसाची त्वचा घेतली. पण बशीत त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी मागं पडत आणि खालच्या थरातल्या, धागे विणणाऱ्या पेशी सगळी जागा व्यापून टाकत. इथं उंदराच्या 'थ्री-टी-थ्री' नावाच्या पेशी कामी आल्या. किरणांनी वाढ थांबवलेल्या या पेशींनी त्वचेच्या पेशींना पोसलं आणि त्या आगंतुकांनाही आवर घातला. त्वचेचा पुंजका मोठा होत जाई, तसा तो या पोशिंद्यांनाच बाजूला सारत जाई. हे संशोधन १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याची खरी परीक्षा १९८३ मध्ये झाली. वायोमिंग राज्यातले दोन लहान भाऊ आगीत सापडले. अंगाची पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक कातडी भाजलेली. एरवी अंगावरचीच चांगली कातडी काढून जखमेवर लावतात. इथं काढायची कुठून? बॉस्टनच्या डॉक्टरांनी उरलेल्या त्वचेचा इवलासा तुकडा घेतला. ग्रीन यांच्या पद्धतीनं त्यातून मुलांची स्वतःचीच त्वचा वाढवली आणि थोडीथोडी करून अंगावर बसवली. या त्वचेला केस नव्हते, घामाच्या ग्रंथी नव्हत्या. पण दोन्ही भाऊ वाचले.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम शहरात सात वर्षांचा एक मुलगा मरणाच्या दारात होता. कुटुंब सीरियातून परागंदा झालेलं. जन्मजात आजारानं त्याची कातडी नुसत्या स्पर्शानंही सोलून निघे. इटलीतल्या मोदेना इथल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींतला दोष सुधारला आणि त्या पोशिंद्या थरावर वाढवल्या. त्याच्या अंगावरची सुमारे ऐंशी टक्के त्वचा नवी झाली. मुलगा शाळेत जाऊ लागला.

सीरियाचं लेकरू, जर्मनीचे डॉक्टर, इटलीची प्रयोगशाळा आणि पोसायला उंदराच्या पेशी. एवढे परके एकत्र आले, तेव्हा त्या पोराच्या अंगावर त्याची स्वतःची कातडी आली.